पाठीतला फुगा

मी पाठ बोलतेय.

दचकू नका, तुमची नव्हे. मी गालिच्याची पाठ. निळ्या जमिनीवर पांढरी पानं असलेला एक गालिचा, ज्याच्याकडे पाहून लोक "अरे वा" म्हणतात, त्याच्या खालच्या अंगाला चिकटवलेलं तागाचं कापड म्हणजे मी. मला पाहून आजवर कोणी "अरे वा" म्हटलेलं नाही. मला पाहायला गालिचा उलटावा लागतो, आणि माणसं गालिचा दोनदाच उलटतात. एक काही सांडलं की, नाहीतर काही हरवलं की.

माझ्याजवळ वेळ थोडा आहे. का, ते कळेलच. तसंही मला निवांत बसून बोलणं कधी जमलं नाही. अठरा वर्षं मी पालथी पडून काढली, पण त्यातला एक दिवस स्वस्थ पडले असेन तर शपथ! माझ्या पोटात एक गोष्ट होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं. तोंड होतं ते वरच्या बाजूला, आणि ते दुसरीचं. त्या वरचीला मी देखणी म्हणते. अठरा वर्षं आम्ही एकमेकींना चिकटून होतो, पण तिने माझ्याकडे एकदा मान वळवली असेल तर विचारा.

माझा जन्म पाण्यातला. ताग उभा वाढतो, मग तो कापून साचलेल्या पाण्यात कुजत घालतात. हो, कुजतच. त्याशिवाय काडीपासून धागा सुटा होत नाही. पुढे गिरणीत कातलं, विणलं आणि एकाच ताग्यातून आम्ही बहिणी निघालो. माझ्या पाठची बहीण पोतं झाली. कांदे पोटात घेऊन गावोगाव हिंडली असेल. मला तिचा फार हेवा वाटायचा. मला मात्र गालिच्यांच्या कारखान्यात आणून एका कोपऱ्यात उभं केलं.

एक लांबट खोली होती. भिंतीला लागून उंच लाकडी चौकटी, त्यांवर ताणून बसवलेलं पातळ कापड, आणि दिवसभर चालणाऱ्या टोचणी बंदुकांचा खडखडाट. लोक सरसकट म्हणतात, "काय सुंदर विणलाय गालिचा!" विणला कुठला? टोचला! विणलेल्यात धागा धाग्याला धरून असतो. इथे बंदुकीने लोकर कापडातून आरपार टोचत जायचं, बस. मागून धरून ठेवणारं काहीच नाही. मांजर येऊन बसलं आणि उठताना नखं अडकली, तर पानाचा देठ मांजरासोबत चालू लागेल. म्हणून मागच्या बाजूने रबराच्या झाडाचा चीक फासतात. पहिला हात धागे धरायला आणि दुसरा मला चिकटवायला.

हे काम एका बाईकडे होतं. सगळे तिला चीकमावशी म्हणत. नवरा लवकर गेलेला, घरात ती आणि एकुलती एक मुलगी. मुलगी त्याच कारखान्यात गालिच्यांच्या कडा कातरायची. ती एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिचं नाव पडलं भिंगरी.

चीक गोठू नये म्हणून त्यात एक औषध घातलेलं असतं. त्याचा उग्र वास नाकात गेला की डोळे भरून येतात. नवा माणूस खोलीत शिरला की त्याला वाटायचं, इथे कोणी गेलंबिलं की काय! मावशीचे डोळे तर कायमच ओले. खरं रडू आलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. मावशीला ती खोली त्यासाठीही बरी वाटत असावी, असं मला आपलं वाटतं.

दुसऱ्या हाताच्या चिकात खडूची भुकटी मिसळावी लागते. किती मिसळायची यावरून मावशी आणि मुकादम यांची रोज जुंपायची.

"मावशी, अजून दोन डबे भुकटी घाला. चीक कसा दाट व्हायला पाहिजे."

"दाट होईल हो मुकादम. पण म्हातारपणी पीठ होऊन गळेल."

"गळेल तेव्हा गळेल. तेव्हा ना तुम्ही इथे, ना मी!"

मुकादमाचंच खरं व्हायचं. मावशी पुटपुटत भुकटी घालायची. पण एका बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. दुसरा हात फासला की तो लगेच झाकायचा नाही, त्याला वारा लागू द्यायचा. किती वेळ, ते घड्याळ सांगत नाही, हवा सांगते. मावशी डाव्या हाताचं मधलं बोट टेकवून बघायची. त्या बोटाच्या पेरावर एक आडवा व्रण होता, चीक पसरायची पत्र्याची फळी लागून झालेला.

"चिकटावं, पण सोबत येऊ नये," ती नव्या बायकांना शिकवायची. "बोटाला चिकटतच नाही म्हणजे उशीर झाला. बोटाला लागून वर आलं तर घाई झाली. चिकटलं आणि जागेवरच राहिलं की घाला कापड."

आता नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. चिकात हात घालून काम करणाऱ्याच्या बोटांवर चिकाचा पातळ पापुद्रा बसतो. मावशी त्याला साल म्हणायची. बोट टेकवण्याआधी ती साल ओढून काढायचीच, हा नियम. कारण वाळलेला चीक ओल्या चिकाला भेटला की सख्खी बहीण भेटल्यासारखा मिठी मारतो. बोटावर साल असली तर वेळ झालेला चीकही बोटाला लागून वर येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, अजून कच्चा आहे. मावशी साल काढायची, गोळी करायची आणि खिडकीत ठेवायची. खिडकीत अशा गोळ्यांची रांग लागलेली असायची. बावीस वर्षांत तिच्या हातचा एक गालिचा परत आला नव्हता.

मग आला माझा दिवस.

देखणी चौकटीवर होती, तिची उघडी बाजू आमच्याकडे. पहिला हात आदल्या दिवशीच वाळलेला. मावशीने दुसरा हात फासला, मला मापाने कापून टेबलावर पसरलं आणि साल काढायला बोट वर केलं. तेवढ्यात दारात भिंगरी उभी राहिली. हातात नवी कोरी पेटी, अजून तिच्या मुठीला दुकानाची चिठ्ठी लटकतेय.

"आई, पत्र आलं. मला घेतलं त्यांनी."

"कुणी?"

"कुणी काय! डोळे तपासायच्या शिक्षणाला. परवा सकाळी निघायचंय."

"परवा? अगं, पण एवढ्या तडकाफडकी…"

"तू नाही म्हणशील म्हणून आधी पेटीच घेऊन आले."

"मी कशाला नाही म्हणू?"

"तोंडाने नाही म्हणणार तू. पण चेहरा बघ जरा आरशात. कुठे निघाले की असाच चेहरा. तू सोडतच नाहीस गं आई! चिकासारखी आहेस नुसती."

मावशी वळली आणि बोट टेकवलं. साल तशीच होती बोटावर. मला दिसत होती! मी ओरडत होते, पण टेबलावर पसरलेल्या कापडाचं कोण ऐकतं? चीक बोटाला लागून वर आला. "कच्चा आहे," मावशी म्हणाली, कुणाला ते देव जाणे. थोड्या वेळाने पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. भिंगरी दाराबाहेर पेटीवर बसून काय काय भरायचं ते बोटांवर मोजत होती, आणि मावशीची नजर त्या पेटीवरून हलत नव्हती. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. इकडे चीक मधोमध वाळून कोरडा ठक्क झाला. शेवटच्या खेपेला तिने बोट टेकवलं आणि उचललं, तेव्हा ती सालच बोटावरून सुटून तिथे राहिली. अख्खी, टोपीसारखी. पेराच्या रेषा, आडवा व्रण, सगळ्यासकट. बोट मोकळं वर आलं. मावशीला वाटलं, झाली वेळ. नजर दाराकडेच ठेवून तिने मला उचललं आणि देखणीच्या पाठीवर दाबून बसवलं.

कडांना मी बसले. मधे मात्र वीतभर जागेत मला कुणी धरलंच नाही. तिथे होती नुसती हवा, आणि ती साल.

दुसऱ्या दिवशी तपासणीला मुकादमाने देखणीवर हात फिरवला, बोटांनी टकटक केलं आणि मधोमध थांबला. पोकळ आवाज आला.

"मावशी, फुगा!"

सगळी खोली थबकली. मावशीने फुग्याकडे पाहिलंच नाही. आपल्या मधल्या बोटाकडे पाहिलं, मग खिडकीतल्या गोळ्यांच्या रांगेकडे. तिला कळलं. मुकादमाने लाल खडूने माझ्या कोपऱ्यावर मोठी फुली मारली. नापास.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा," तो म्हणाला. त्याच्याही आवाजात वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. "जाऊ द्या. गिऱ्हाईक घेणार नाही. तुम्हीच घेऊन जा घरी."

घरी मावशीने मला उताणी पसरलं आणि दिवेलागणीपर्यंत फुग्यावरून हात फिरवत बसली. चिरून पुन्हा चिकटवता आलं असतं, पण वाळायला दोन दिवस हवेत आणि भिंगरी उद्याच निघणार. शेवटी तिने मला गुंडाळून दोरीने बांधलं. सकाळी मुलीला एवढंच म्हणाली, "हा घेऊन जा. परक्या खोलीतली फरशी गार असते."

भिंगरीने मला खांद्यावर टाकलं. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. गाडी सुटताना मावशीने हात वर केला होता, तो खाली घेतलेला मला काही दिसला नाही.

शहरातल्या खोलीत मला पसरलं आणि भिंगरीने पहिलंच पाऊल टाकलं ते नेमकं मधोमध. फस्स! तिने दुसऱ्यांदा पाय दिला. फस्स! मग खाली वाकून कोपरा उलटला. लाल फुली.

"अगं, हा तर नापास माल," ती खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली. "अख्ख्या कारखान्यात चांगले गालिचे पडलेत आणि मला हा. मी चाललेय म्हणून राग काढलाय आईने."

नाही गं बाई, नाही! असं मी त्या दिवसापासून म्हणतेय. पण पाठीचं म्हणणं कोणाला ऐकू येतं? माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली ती तेव्हापासून. माझ्या पोटात त्या रागाचं उत्तर होतं, व्रणासकट, रेषांसकट, आणि ही पोरगी त्यावरच रोज पाय देऊन पुढे जात होती. लोकांना अक्षरांचे तक्ते वाचायला लावायची, बारीकातली बारीक ओळ दिसते का विचारायची, आणि स्वतःच्या पायाखालचं तिला दिसेना.

शिक्षण झालं. एका चष्मेवाल्याशी तिचं लग्न झालं. चष्मेवाला माणूस सरळ, पण नाक भलतंच नाजूक. मग घर झालं, दोन खोल्या आणि एक सज्जा. देखणी बैठकीच्या खोलीत गेली आणि अर्थात मीही गेले, आमची फारकत कशी होणार! येणारे-जाणारे देखणीचं कौतुक करत आणि फुग्यावर अडखळत. "आईची भेट," भिंगरी म्हणायची. त्यातला तिरकस सूर फक्त मला कळायचा.

मावशीचा फोन दर रविवारी. मी खालून ऐकायची.

"जेवलीस?"

"हो."

"कामावर बरं चाललंय?"

"हो."

मग जरा थांबून, "गालिचा कसा आहे?"

इथे भिंगरीच्या पायाचा अंगठा फुग्यावर दाबला जायचा, रागाने. फस्स. "आहे," ती म्हणायची. तिला वाटायचं आई खिजवतेय. आणि आईला एवढंच विचारायचं असायचं की फुगा वाढला तर नाही ना, कुणी पडलं तर नाही ना. दोघी मुलखाच्या हट्टी. शब्द अगदी ओठांवर यायचा आणि फोन ठेवला जायचा. अठरा वर्षांचे रविवार असेच गेले. मायलेकी वर्षाकाठी एखाद्या लग्नात भेटायच्या, तिथे गर्दी असते, खरं बोलण्याची सोय नसते.

आणि मग मुकादमाची भुकटी अंगावर आली. दुसऱ्या हाताच्या चिकाचं पीठ होऊ लागलं. गालिचा हलवला की खाली पांढरी रांगोळी. रोज केर काढावा तर रोज तेवढंच. चष्मेवाल्याला शिंका सुरू झाल्या. एक नाही, ओळीने अकरा.

"अगं, आता पुरे झालं याचं," तो नाकाला रुमाल लावून म्हणाला. "आई येणार आहेत शुक्रवारी. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यात घरात ही धूळ! डोळ्यात गेली म्हणजे?"

होय, मावशी येणार होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि लेकीनेच हट्टाने बोलावलं होतं. दवाखाना तिच्या ओळखीचा, आणि शिवाय कितीही राग असला तरी आईच ती.

भिंगरीने अंगठ्याने फुगा एकदा दाबून पाहिला. "टाकून दे," शेवटी म्हणाली. "तिने विचारलं तर सांगेन, झिजला."

शुक्रवारी सकाळी आम्हाला गुंडाळून दाराबाहेर उभं केलं. भंगारवाला दहाला येणार होता. त्या तासाभरात माझी काय अवस्था झाली ते कसं सांगू! मरणाची भीती नव्हती मला, ताग आहे मी, एकदा कुजून झालेय. पण माझ्यासोबत ती साल जाणार होती. मग या मायलेकींनी एका छताखाली आठ दिवस काढले असते, "जेवलीस", "हो" करत, आणि मावशी जशी आली तशी परत गेली असती. आयुष्यभर फाटू नये म्हणून स्वतःला जपलं मी, आणि त्या दिवशी प्रथमच मनात म्हणाले, अरे कोणीतरी मला फाडा रे!

जिन्यात पावलं वाजली. भंगारवाला नव्हता. मावशी होती. गाडी लवकर पोचली म्हणून ती कुणाची वाट न बघता रिक्षा करून आलेली. एका हातात पिशवी, दुसरा हात भिंतीला. दाराशी येऊन तिचा पाय आम्हाला लागला. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून हात पुढे केला. आधी देखणीच्या लोकरीवर पडला. मग माझ्यावर. बोटं थांबली, माझ्यावरून चालत कोपऱ्यापर्यंत गेली, जिथे लाल फुलीचा नुसता डाग उरला होता.

"हा इथे का गं उभा?" दार उघडल्यावर तिचा पहिला प्रश्न.

"आई! अगं, फोन करायचास ना, आले असते न्यायला. आत ये. तो… तो झिजला. पीठ गळतंय त्याचं."

"पीठ गळणारच. भुकटी जास्त होती." मावशी जागची हलली नाही. "फुगा आहे का तसाच?"

बस! अठरा वर्षं दाबून ठेवलेलं एकदम वर आलं.

"आहे तर! कुठे जाणार तो? नापास झालेला माल होता ना तो, आई? फुली बघितली होती मी पहिल्याच दिवशी. मी निघाले याचा एवढा राग होता तर रिकाम्या हाताने पाठवायचं होतंस. अठरा वर्षं रोज त्यावर पाय पडतोय माझा!"

चष्मेवाला शिंकायचंही विसरला. मावशीने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "चाकू आण."

"काय?"

"चाकू गं. भाजीचा चालेल. आणि हा पसर, पाठ वर करून."

सज्जात ऊन होतं. मला उताणी पसरलं. मावशी गुडघ्यांवर बसली, डोळे मिटलेच तिने, काही उपयोगच नव्हता त्यांचा. बोटांनी फुगा शोधला आणि मला मधोमध चिरलं. दुखलं का? दुखलं असेल, मला आठवत नाही. हवा सुटली, फस्स, शेवटची. तिने माझे दोन्ही पदर बाजूला केले आणि आत हात घालून चाचपडू लागली.

"मला दिसत नाही. तू बघ. इथे काहीतरी असेल बघ. टोपीसारखं."

भिंगरी वाकली. तपकिरी पडलेली, कडक झालेली एक टोपी चिकाला चिकटून होती. तिने खिशातलं भिंग काढलं, ते तिच्या खिशात असतंच. बराच वेळ बघत राहिली. पेराच्या रेषा. त्यांना छेदून जाणारा आडवा व्रण. मग तिने आईचा डावा हात हातात घेतला आणि मधलं बोट भिंगाखाली धरलं.

"ही… ही तुझी साल आहे."

"काढायची राहिली त्या दिवशी," मावशी म्हणाली. "बावीस वर्षांत एकदाच. दारातून तुझी पेटी दिसत होती ना. बघायचं होतं चिकाकडे, आणि बघत होते पेटीकडे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू चाललीस म्हणून माझे हात चालेनासे झाले, असं? ते ऐकून गेली असतीस तू?"

भिंगरीने भिंग खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं, आणि इथे तर चिकाचा वासही नव्हता, काही लपवायची सोय नव्हती. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मावशी तिच्या केसांतून माझी पांढरी भुकटी झटकत राहिली.

खाली भंगारवाल्याने हाक दिली. चष्मेवाल्याने वरूनच सांगितलं, "आज नाही हो. सोमवारी या."

पुढचे दोन दिवस म्हणजे विचारू नका! मावशीने घराचा कारखाना करून टाकला. चष्मेवाला बाजारातून चिकाचा डबा, एक नवी फळी आणि नवं तागाचं कापड घेऊन आला, नाकाला फडकं बांधून. देखणीच्या पाठीवरून मला सोलून काढलं. पहिला हात अजून शाबूत होता, एक धागा सुटला नाही. दुसरा हात मात्र खरवडताना नुसता पिठासारखा उडाला. मुकादम असता तर त्याला दाखवला असता. साल भिंगरीने आधीच अलगद सोडवून एका चष्म्याच्या डबीत ठेवली होती.

काल दुपारी नवा हात फासला. भुकटी थोडीच. मग वारा लागायची वाट. मावशीने सवयीने मधलं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"माझी बोटं आता जाड झालीत. नीट कळत नाही. तू बघ."

भिंगरीने बोट पुढे केलं.

"थांब! आधी साल."

भिंगरी हसली. बोटावरची साल ओढून काढली, गोळी केली आणि सज्जाच्या कठड्यावर ठेवली. मग बोट टेकवलं.

"चिकटतंय."

"आणि?"

"सोबत येत नाही."

"मग घाल कापड. मधून सुरुवात कर, मधून. कडांचं काय, त्या बसतातच."

दोघींनी मिळून नवी पाठ दाबून बसवली, चार हातांनी. फुगा नाही. मी कोपऱ्यातून डोळ्यांत तेल घालून बघत होते, मला कळतं त्यातलं.

हात धुताना भिंगरीने विचारलं, "आई, ऑपरेशन झाल्यावर राहशील ना इथेच?"

"बघू. तूच म्हणाली होतीस, मी चिकासारखी आहे. चिकटावं, पण सोबत येऊ नये, नाही का?"

"ते चिकाचं झालं," भिंगरी म्हणाली. "माणसाला कुणी सांगितलंय?"

मावशी हात धूतच राहिली, ते केव्हाच स्वच्छ झाले होते तरी.

आज सोमवार. मी सज्जाच्या कोपऱ्यात गुंडाळी होऊन उभी आहे, मधे चिरलेली, भुकटी गळणारी. समोर देखणी कठड्यावर वाळत घातली आहे. जन्मात पहिल्यांदा मी तिला समोरून पाहिलं. खोटं कशाला बोलू, देखणी आहे खरी. निळ्यावर ती पांढरी पानं, एकही हललेलं नाही. इतकी वर्षं मी जे धरून ठेवलं ते दिसतं कसं, ते मला आज कळलं. तिनेही पाहिलं माझ्याकडे, वाऱ्याने जरा कड हलली तिची. एवढं पुरे.

नव्या पाठीशी दोन शब्द बोलायचे होते, पण ती पोर अजून ओली आहे, आणि उद्यापासून तिला जमिनीकडे तोंड करूनच राहायचंय. तिला सांगा, खालून सगळं ऐकू येतं, त्याची सवय कर. तुम्हालाही एक सांगून ठेवते. घरात गालिचा असेल तर कधीतरी उलटून बघा, काही सांडलेलं नसलं तरी. आणि रविवारी आईचा फोन आला, तर "हो"च्या पुढे दोन शब्द जास्त बोला.

जिन्यात पावलं वाजतायत. भंगारवाला आला वाटतं. त्याला म्हणावं, घाई करू नकोस रे बाबा, मला हळू उचल आणि गाडीत उताणी घाल. दुसऱ्याची पाठ म्हणून जन्म काढला, आता जरा मला पाठ टेकू दे.